उंदीर, ससा आणि आमचा टेस्ट सर्व्हर

"माझ्या मशीनवर तर चालतंय!" हे वाक्य ऑफिसात रोज कानावर पडतं. टेस्ट सर्व्हर एक, प्रॉडक्शन भलतंच. औषधांच्या चाचण्यांबद्दल वाचायला लागलो, तर तिथेही हाच घोळ.

मित्राच्या बायकोला टीबीच्या गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी आधी विचारलं, "गर्भनिरोधक गोळ्या घेता का?" कारण रिफाम्पिसिन. माणसाच्या यकृतात ते सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं, आणि मग गर्भनिरोधक गोळी काम करायच्या आतच मोडीत निघते. हेच उंदराला देऊन बघा, फारसं काही होत नाही. सशात मात्र होतं! औषध ओळखणारा पीएक्सआर नावाचा रिसेप्टर उंदरात वेगळा आहे, बस.

म्हणून "माणसाच्या सगळ्यात जवळचा प्राणी कोणता?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कुठल्या एन्झाइमसाठी, ते आधी बोला. टीबीचंच दुसरं औषध, आयसोनियाझिड. माणूस ते ज्या एन्झाइमने निकामी करतो, ते कुत्र्याकडे नाहीच. तिथे कुत्रा बाद. (उंदरात तर नर-मादीतही फरक पडतो, पण ते असो.) उंदीर स्वस्त आणि हाताशी आहे, हे काही कारण नव्हे. जनावराचा जीव घ्यायचाच, तर निदान उत्तर मिळेल असा तरी घ्या.

२००० साली संशोधकांनी उंदरात माणसाचा पीएक्सआर बसवला, आणि तो रिफाम्पिसिनला प्रतिसाद द्यायला लागला. आमच्या भाषेत, कॉन्फिग फाइल बदलली. एन्झाइम मात्र उंदराचंच राहिलं. एवढी खटपट परवडत नसेल, तर निदान ससा तरी आणा की!