खुरपं आणि खो

"दिवसभर शेतात राबतोय की, आणि खेळ कशाला पाहिजे?" पारावर हे कुणी म्हटलं की दहा माना डोलतात. शहरातल्याही डोलतात, त्यांना खेडं म्हणजे फुकटातली जिम वाटते.

राबणं हाच खेळ असता, तर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव तालमी कुणी बांधल्या? राबणाऱ्यांनीच. घरातला दांडगा पोरगा कामातून मोकळा ठेवायचा, पहाटे लाल मातीत उतरवायचा, त्याच्या खुराकासाठी दुभती म्हैस राखायची, हा शेतकऱ्याचाच हिशेब. 1912 साली शाहू महाराजांनी उभं केलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान काही कारकुनांनी भरत नव्हतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, ते कुस्ती खेळून. नांगर धरून नव्हे.

खुरपणारी बाई आणि खो-खोच्या पाटीवर बसलेली पोरगी लांबून सारख्याच दिसतात, दोघी उकिडव्या. पण पोरगी पाठीवर खो पडताच सुटते. बाई पात धरून इंच इंच सरकते आणि दिवस मावळताना गुडघ्यावर हात टेकून, "आई गं" म्हणत उठते. पुष्कळदा ती तीच पोरगी असते, दहा वर्षांनंतरची. शाळेत तालुक्यापर्यंत खेळलेली. लग्नानंतर तिला मैदानाचं कुणी विचारलं नाही.

"पण पोरं पळतात की रोज पहाटे!" पळतात. पोलीस भरतीचे 1600 मीटर, मोबाइलवर वेळ लावून. भरती झाली किंवा वय उलटलं की बूट माळ्यावर. याला मी खेळ म्हणत नाही, परीक्षेची तयारी म्हणतो. वाईट नाही ती. पण तिशीतल्या माणसाला त्यात जागा नाही.

एक मात्र कबूल. ऊसतोडीवरून आलेल्या माणसापुढे व्यायामाचं प्रवचन झोडणं निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्याला आधी अंग टेकू द्या. मी उपदेश मागत नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानाचं कुलूप उघडं मागतो, वर एखादा दिवा, आणि सुनांनाही तिथं वाट.

थकलेलं अंग खेळ मागत नाही म्हणता? नागपंचमीच्या रात्री बघा. दिवसभर भांगलून आलेल्या पन्नाशीच्या बायका पदर खोचून फुगडीला उभ्या राहतात, आणि घरून दोन हाका आल्या तरी हात सोडत नाहीत.