प्रज्ञाचक्षू : भरपाईच्या मिथकाची चिकित्सा

अंध व्यक्तीला 'प्रज्ञाचक्षू' म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे आणि ती सौजन्याची मानली जाते. या सौजन्याच्या पोटात एक सौदा दडलेला आहे : बाहेरची दृष्टी गेली, सबब आतली मिळाली. कोथरूडमध्ये अंध मुलींची निवासी शाळा आहे. तेथील विद्यार्थिनी ब्रेलच्या ठिपक्यांवरून बोट फिरवीत वाचते ते शिक्षणाने आणि सरावाने. तिला 'प्रज्ञाचक्षू' म्हटले की हे श्रम अदृश्य होतात आणि तिची विद्या दैवी देणगी ठरते. साहित्यातील अंध द्रष्ट्याला 'आदिबंध' म्हणून मान्यता देणारी समीक्षा या सौद्याची तटस्थ साक्षीदार नाही. ती त्यात भागीदार आहे.

या सौद्याचे अर्वाचीन रूप तपासायचे तर लोकप्रिय चित्रकथेकडे वळावे लागते. अशा वाङ्मयाला हीन लेखून बाजूला सारणे समीक्षेला परवडणारे नाही, कारण अभिजात साहित्य जे अलंकारांत झाकते ते चित्रकथा उघड मांडते. 'अनकॅनी एक्स-मेन' या अमेरिकी मालिकेच्या १४१व्या अंकात (१९८१) ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी 'डेस्टिनी', म्हणजे नियती, हे पात्र आणले. आयरीन अ‍ॅडलर हे तिचे नाव कॉनन डॉयल यांच्या १८९१च्या शेरलॉक होम्स-कथेतून आलेले. ही स्त्री अंध आहे. तिला एकच अटळ भविष्य दिसत नाही. अनेक संभाव्य भविष्ये दिसतात. तिच्या सोनेरी मुखवट्याला डोळ्यांच्या जागी छिद्रेच नाहीत. पुढे रचलेल्या पूर्वकथेनुसार शक्ती जागृत झाल्यावर तिने भविष्यकथनांच्या तेरा वह्या भरल्या आणि त्याअखेर तिची दृष्टी गेली. ग्रीक पुराणातील टायरेसियसला दृष्टी गेल्यावर भविष्यज्ञान मिळते. येथे भविष्यज्ञानापायी दृष्टी जाते. क्रम उलटला तरी हिशेब तोच राहतो. १९६४ साली अवतरलेल्या 'डेअरडेव्हिल' या अंध नायकाच्या बाबतीतही दृष्टीच्या बदल्यात अतिमानवी संवेदना जमा झालेल्या आहेत. अंधत्व केवळ अंधत्व म्हणून कथेत राहू शकत नाही, हाच या जमाखर्चाचा नियम होय.

या पात्राचा खरा अंतर्विरोध मात्र माध्यमाच्या रूपबंधात आहे. चित्रकथेत अवकाश हाच काळ असतो, हे स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या ग्रंथात विशद केले आहे. पृष्ठावरील सर्व चौकटी एकाच वेळी समोर असतात. पहिली वाचत असताना शेवटची डोळ्यांच्या कडेला तरळत असते. म्हणजे पुढे काय होऊ शकेल हे आधीच पाहणारा जो कोणी आहे, तो या माध्यमाचा डोळस वाचक होय. डेस्टिनी ही त्या वाचकाचीच प्रतिमा आहे. डोळस वाचकाने स्वतःची सत्ता अंध स्त्रीच्या नावावर मांडली. आणि जिच्या नावावर ती मांडली, तिच्यासारख्या वाचकाला ते छापील पृष्ठ मात्र बंदच राहिले.

हा आदिबंध सार्वत्रिक आहे आणि आपल्या परंपरेतही तो सापडतो, असा प्रतिवाद संभवतो. महाभारतात धृतराष्ट्राला 'प्रज्ञाचक्षु' म्हटले आहे, हे खरे. परंतु युद्धारंभी व्यास त्याला दृष्टी देऊ करतात तेव्हा तो ती नाकारतो. ज्ञातिवध पाहण्याची त्याला इच्छा नाही. त्याला तो ऐकायचा आहे. दिव्यदृष्टी मिळते ती डोळस संजयाला. म्हणजे ज्याला आदिबंधाचा मूळ पुरावा समजावे, तेथेच आदिबंध मोडतो. धृतराष्ट्राचा नकार हा नियतीचा भाग नाही; तो त्याचा निर्णय आहे. परंतु या निर्णयाऐवजी पुत्रमोहाचे रूपक म्हणूनच त्याचे अंधत्व अधिक वाचले गेले. धर्मवीर भारती यांच्या 'अंधा युग' या हिंदी काव्यनाटकात (१९५४) तर ते शीर्षकापासूनच अवघ्या युगाच्या अधःपाताचे नाव बनते. द्रष्टा आणि मोहांध ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत : अंध मनुष्य एक तर माणसाच्या वर, नाही तर खाली. बरोबरीची जागा त्याला नाही.

मराठीपुरते सर्वांत बोलके उदाहरण गुलाबराव महाराजांचे आहे (१८८१–१९१५). विदर्भातील या ग्रंथकाराची दृष्टी शैशवातच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. 'प्रज्ञाचक्षू' ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आणि तिने एक मोठा वाङ्मयीन प्रश्न झाकून टाकला. ऐकून मिळवलेली विद्वत्ता आणि सांगून लिहविलेले गद्य यांचा रूपबंध कसा घडतो? स्मरणाची शिस्त, वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे यांचा त्या संहितेत वाटा कोणता? ज्याला सर्व आतूनच दिसले असे एकदा ठरले, त्याच्याविषयी हे प्रश्न विचारणे अश्रद्धा ठरते. येथे उपाधी गौरव करीत नाही. ती ग्रंथकाराकडून त्याची कारागिरी काढून घेते.

डेस्टिनीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिला दिसणारी भविष्ये संभाव्य आहेत. त्यांतून तिला निवडावे लागते, पणाला लावावे लागते. तेथे ती मिथकातून बाहेर पडून व्यक्ती होऊ लागते. परंतु नेमक्या याच ठिकाणी कसोटी लावावी : तिचे अंधत्व वगळले तर तिच्या निवडीत काय बदलते? फारसे काहीच नाही. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली 'नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस' ही संकल्पना मांडली. कथन अपंगत्वाचा आधार घेते आणि त्याच्या सामाजिक वास्तवाकडे पाठ फिरवते, असा तिचा आशय. या कुबडीवर चालते ती कथा. पात्राला तिचा उपयोग नसतो.

ब्रेल वाचणारे सराईत हात नीट पाहिले तर वेगळी शक्यता दिसते. उजवा हात ओळ संपवीत असतो, तोवर डाव्याने पुढच्या ओळीचा आरंभ शोधलेला असतो. पुढचे आधी जाणून घेण्याची ही रीत कोणत्याही दिव्यदृष्टीशिवाय शिकता आणि शिकवता येते. कोथरूडच्या विद्यार्थिनीला समीक्षेकडून भविष्यदर्शनाचा मान नको आहे. तिला हवी आहेत तिच्या लिपीतली पुस्तके, आणि वाचक म्हणून बरोबरीची गणना. समीक्षेच्या परिभाषेतून 'प्रज्ञाचक्षू' हा शब्द आदरपूर्वक निवृत्त करणे, ही त्याची पहिली पायरी होय.