फुकटचा कान, परक्याचं तोंड



"अजून रेडिओ ऐकतात?" असं तुम्ही मला हसून विचारता. मुंबई-पुण्याच्या होस्टेलवर कानात बोंडं कोंबून बसलेले असता आणि जगातलं सगळं संगीत तुमच्या अंगठ्याखाली असतं. मी आष्टीचा. बीडची आष्टी नव्हे, जालन्याची, परतूर तालुक्यातली. आमच्याकडे अजून ऐकतात. एफएमसुद्धा नाही, मध्यम लहरी. म्हणजे तुमच्या भाषेत एएम. खरखर, शिट्ट्या, मधेच घुसणारं दुसरं स्टेशन, या सगळ्यासकट ऐकतात. तुम्ही त्याला मागासलेपण म्हणता. पांढरपेशे त्याला जुन्या आठवणींचा गोडवा म्हणतात आणि दिवाळी अंकात त्यावर लेख पाडतात. दोन्ही उत्तरं खोटी आहेत.

परतूर तालुका 1 मे 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. मग जालना जिल्हा झाला. कचेरी बदलली, मोर्चे न्यायचं गाव बदललं, पण रेडिओची सुई परभणीवरच राहिली. 1305 किलोहर्ट्झ. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या बोटालाही ही जागा पाठ आहे.

आता हिशोब करा. सालगडी दिवसाचे आठ तास कानाशी काहीतरी वाजतं ठेवतो. ॲपवर बऱ्यापैकी आवाजात गाणी ऐकली तर तासाला साधारण 58 एमबी जातात. महिन्याला झाले जवळपास 14 जीबी. तुम्ही म्हणाल, एवढा डेटा तर मिळतोच. मिळतो, पण रिचार्ज मारला तर! जुलै 2024 मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा, 28 दिवसांचा रिचार्ज 239 रुपयांवरून 299 वर गेला. आमच्या शिवारात बाईमाणसाची जवळजवळ एका दिवसाची खुरपणी त्यात जाते. रिचार्ज संपला की कानही संपला. रेडिओला दोन शेल लागतात. तेही मेले की आमची माणसं उन्हात तापवून आणखी चार दिवस ओढतात.

दुसरं कारण खुद्द लहरीत आहे. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते. टेकडी आली, ओढा आला, तरी पुढं सरकते. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, आड काही आलं की अडते. 28 एप्रिल 2023 रोजी देशात एका दिवशी 91 एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन झालं. ते 100 वॅटचे. शे-वॅटमध्ये शहर भिजतं, शिवार कोरडं राहतं. आणि ज्या खरखरीला तुम्ही नाक मुरडता ना, ती खरखर आमच्या कामाची आहे. दूर कुठं वीज चमकली की एएम रेडिओ करकरतो. जून महिन्यात रानात उभ्या असलेल्या माणसाला तो इशारा कळतो आणि तो झाडाखालून बाहेर पडतो. तुमच्या स्वच्छ आवाजाच्या ॲपमध्ये आभाळ ऐकू येत नाही.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते तिसरं कारण. रेडिओ नाव विचारत नाही.

ॲप आधी नंबर मागतं, मग ठावठिकाणा, मग तुम्ही काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, कुठल्या गाण्यावर थांबलात, सगळं टिपून ठेवतं. आपल्या लोकांना हे नवं नाही. नाव सांगितलं की आडनाव येतं, आडनाव आलं की जात येते. शहरात भाड्याची खोली शोधताना मी हे दारोदार भोगलंय. रेडिओच्या खांबाला मात्र कोण ऐकतंय ते कळतच नाही. त्याचं यंत्रच तसं आहे. एकानं बोलायचं, हवेत सोडून द्यायचं, ज्याला कान आहे त्यानं घ्यायचं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. पाणी बाटतं म्हणणाऱ्या देशात अशी एक गोष्ट आली जी कुणाच्या बापाला बाटवता येईना. लहर बाटत नाही.

संच मात्र बाटत होता. संच महाग, वर पोस्टातून लायसन काढायचं. तो असायचा वाड्यात. माझा आजा पायरीच्या खाली उभा राहून बातम्या ऐकायचा. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, वस्तीत आला, तेव्हा पायरी गेली. म्हाताऱ्यानं कानाशी धरलेली ती डबी म्हणजे त्याची स्वतःची जागा होती. तिला तुम्ही खेळणं म्हणू नका.

आणि इंटरनेट ही तरी कुणाची जागा आहे? 26 फेब्रुवारी 2024 रोजी आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद केलं गेलं. एका आदेशानं. आंदोलन कुणाचं, बाजू कुणाची, हा प्रश्न इथं नाही. दाबलेलं बटण सगळ्यांनाच लागतं. त्या दिवशी स्ट्रीमिंगवाले बहिरे झाले, शेलवरचा रेडिओ चालू होता. उद्या ते बटण आपल्या मोर्चासाठी दाबलं जाईल तेव्हा काय कराल?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हा सरकारी रेडिओची आरती ओवाळतोय. थांबा.

कान फुकट आहे, पण तोंड कुणाचं? 26 जून 1975 च्या सकाळी याच आकाशवाणीवरून आणीबाणी देशाला ऐकवली गेली. पुढचे जवळपास एकवीस महिने लोक खरं काय ते ऐकायला बीबीसीकडे सुई फिरवत होते. 1978 च्या 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावकुसाबाहेरची घरं पेटली. नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. त्या साडेपंधरा वर्षांत वस्तीकडे रेडिओ होता, मायक्रोफोन नव्हता. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ज्या गावाच्या लहरीवर आमचं शिवार वाढलं त्या गावात! तेव्हाही माझ्या मनात हाच सवाल होता: त्या माइकपुढं आपला कोण बसतो? आपल्या भाषेत कोण बोलतो?

बाबासाहेब त्या माइकपुढं बसले होते. 3 ऑक्टोबर 1954. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उचललेलं नसून बुद्धाकडून घेतलेलं आहे, असं त्यांनी रेडिओवरून देशाला सांगितलं. धर्मांतराच्या दोन वर्षं आधी. माइक आपल्या माणसाच्या हातात आला तर काय होतं ते यातून दिसतं.

आणि ऐकणारा मुका असतो असंही समजू नका. 1952 मध्ये केसकर नभोवाणीमंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. अभिजात तेवढंच शुद्ध! लोकांनी अर्ज केले नाहीत, निवेदनं दिली नाहीत. सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. शुद्धतेचा माज कानांनी उतरवला.

आता मध्यम लहरींचे जुने ट्रान्समीटर एकेक करून मोडीत निघतायत. खर्च परवडत नाही म्हणे. "आमचं ॲप आहे, त्यावर ऐका" म्हणे. म्हणजे फुकटचा कान काढून घ्यायचा आणि तोच कान 299 रुपयांना परत विकायचा. च्यायला, ही कसली सुधारणा? 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. जनतेत आम्ही येतो की नाही?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. जिथं मध्यम लहर बंद करायची तिथं तेवढ्याच शिवाराला, तेवढ्याच फुकट, शेलवर चालणाऱ्या साध्या संचावर आवाज पोचतो हे आधी दाखवा. मगच हात लावा. कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या द्यायला असलेली बंदी उठवा. आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा वाजवायला परवानगी आहे, आपल्या वस्तीत काय झालं ते सांगायला नाही. हा कुठला न्याय?

आणि तिसरं म्हणणं सरकारला नाही, तुम्हाला आहे. तेलंगणातल्या माचनूर गावात दलित शेतकरी बायांनी 15 ऑक्टोबर 2008 पासून संघम रेडिओ चालवून दाखवलाय. बियाणं, जात, नवरा, दारू, गाणं, सगळं आपल्या बोलीत. 2006 पासून नोंदलेल्या ना-नफा संस्थांना असा अर्ज करता येतो. मग मराठवाड्यातल्या वस्तीवस्तीत असे खांब का नाहीत? तुमच्यात इंजिनियर आहेत, वकील आहेत, रात्रभर रील एडिट करणारे आहेत. गावात तुमच्या आईबापाकडे कान तयार आहे. पन्नास वर्षं तो दुसऱ्याचं ऐकत आलाय.

तेव्हा हसणं पुरे. सुट्टीत गावी जाल तेव्हा म्हाताऱ्याचा रेडिओ भंगारात टाकू नका. त्याला नवे शेल घाला, आणि त्यातून आपला आवाज कधी निघणार याचा अर्ज लिहायला बसा.

जय भीम.