सिमेंटचा पत्रा, गॅरेजची धूळ आणि चाळीस वर्षांनी लागणारा दम

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा भागात घरांवरचे पत्रे उडाले, फुटले. लोकांनी ते तुकडे हातानंच उचलले, झाडूनं भुगा लोटला. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

पत्रा शाबूत असेल तर घाबरून जायचं कारण नाही. तो कापला, ड्रिलनं भोक पाडलं किंवा फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुफ्फुसात खोल रुतून बसतात. त्यातून फुफ्फुस आखडणारा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो आणि मेसोथेलिओमा हा आवरणाचा कॅन्सरही होतो. हे सगळं वीस ते चाळीस वर्षांनी. विशीत काम केलेल्या माणसाला पन्नाशीनंतर दम लागतो, तोवर मालक कोण होता हेही आठवत नाही. वर बिडी-सिगारेट असेल तर कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

धोका कुणाला? पत्र्याच्या कारखान्यातले कामगार तर आहेतच. शिवाय दारूखाना आणि अलंगला जुनी जहाजं तोडणारे, जुन्या इमारती पाडणारे, भंगारवाले, ब्रेक लायनर घासणारे गॅरेजचे मिस्त्री. आपल्या मोहल्ल्यातली किती पोरं याच धंद्यात आहेत, बघा. आणि घरातल्या बायका! कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलं, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा. निकाल चांगलाच. पण नाक्यावरून रोजंदारीवर नेलेल्या मजुराची नोंद ठेवणार कोण? इथेच सगळं अडतं. खाणींना नवे परवाने देणं आपण १९८६ मध्ये थांबवलं, माल मात्र बाहेरून, मुख्यतः रशियातून, येतच राहिला. पांढरं ॲस्बेस्टॉस नीट वापरलं तर चालतं, असं उद्योगवाले म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो. पन्नासहून जास्त देशांनी बंदी घातली. आपण नाही.

तोवर घरापुरतं तरी करा. पत्रा काढायचाच असेल तर पाणी मारून, अख्खा उतरवा. भुगा ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजचे कपडे न झटकता वेगळे भिजवा. अब्बांना, चाचांना जुना खोकला किंवा दम असेल, तर डॉक्टरांना औषधाआधी हे सांगा, की ते तरुणपणी कुठे आणि काय काम करत होते. डॉक्टर बहुधा हे विचारत नाहीत.