घरच्या घरी बाईक इलेक्ट्रिक करताय? आधी आरसी आणि हिशेब बघा

जुनी स्प्लेंडर, ऑनलाइन मागवलेली मोटर, एक बॅटरी आणि दोन दिवसांची खटपट. झाली इलेक्ट्रिक बाईक! असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. गाडी खरंच चालते, त्यात खोटं काही नाही. पण ती रस्त्यावर चालवता येते का? आणि त्यातून पैसे वाचतात का? समजून घेऊया.

नेमकं काय बदलतात?

इंजिन, पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सर निघतो. बहुतेक किटमध्ये मागच्या चाकातच बसणारी हब मोटर असते. इंजिनाच्या जागी बॅटरी आणि मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर बसतो. हेडलाइट आणि हॉर्नला १२ व्होल्टच लागतात, म्हणून बॅटरीचा जास्तीचा व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लावतात. क्लच आणि गिअरचं काम संपतं.

हे काम चांगल्या मेकॅनिकच्या आवाक्यातलं आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेली आणि आरसीवर नोंदलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. इंधन बदलणं हा असाच फेरफार आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे कन्व्हर्जनवर बंदी आहे का? नाही. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून एआयएस-१२३ या मानकानुसार मंजूर झालेलं हवं. ते अधिकृत केंद्रातच बसवून घ्यायचं, मग आरटीओत तपासणी आणि आरसीवर इंधनाची नवी नोंद. त्यानंतर हिरवी नंबर प्लेट मिळते. घरी सुट्टे भाग जोडून केलेली गाडी या वाटेने जाऊच शकत नाही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. आरसीवर पेट्रोल आणि गाडीत बॅटरी, अशा अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. समोरचा माणूस जखमी झाला असेल, तर भरपाईचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

आणि बॅटरी? २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्राने बॅटरीचे सुरक्षा निकष कडक केले. घरी जोडलेला पॅक या चाचण्यांतून गेलेलाच नसतो, आणि तो रात्री तुमच्या घरातच चार्जिंगला लागलेला असतो.

पैसे खरंच वाचतात?

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज ६० धरलं, तर किलोमीटरला १ रुपया ७५ पैसे पडतात. वीज १० रुपये युनिट आणि एका युनिटमध्ये २५ किमी धरले, तर ४० पैसे. म्हणजे बचत १ रुपया ३५ पैसे.

आता खर्च. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीचं स्प्लेंडरसाठीचं मंजूर किट २०२१ मध्ये चर्चेत आलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार किट ३५,००० रुपये अधिक जीएसटी आणि बॅटरीसकट खर्च सुमारे ९५,००० रुपये. हाच आकडा धरू:

- रोज ३० किमी, वर्षाला ३०० दिवस: बचत सुमारे १२,००० रुपये. खर्च निघायला जवळपास आठ वर्षं.
- डिलिव्हरीसाठी रोज १०० किमी: बचत सुमारे ४०,००० रुपये. खर्च सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल.

मधेच बॅटरी बदलावी लागली, तर पहिल्या माणसाचा हिशेब पुरता कोलमडतो. शिवाय लाखाच्या आसपास नवी ई-स्कूटर मिळते, तीही वॉरंटी आणि कागदपत्रांसकट.

मग करायचं काय?

रोजचं धावणं कमी असेल, तर जुनी बाईक आहे तशीच चालवा. धावणं भरपूर असेल आणि गाडीचा सांगाडा, ब्रेक ठणठणीत असतील, तर कन्व्हर्जनचा विचार जरूर करा. मात्र पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: तुमच्याच मॉडेलसाठीचं मंजुरी प्रमाणपत्र आहे का, आरसी बदलून देण्याची जबाबदारी कोणाची आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची?

उत्तरं तोंडी नको, लेखी घ्या. ‘आरटीओचं नंतर बघू’ असं ऐकू आलं, तर तिथूनच माघारी फिरा.