रझाकार कोणाला म्हणायचं?

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, म्हणून आपण डोळे चोळत का होईना ग्राउंडवर येतो. भाषणात एक शब्द हमखास येतो, रझाकार! आपलं पाली काय, बीड काय, सगळं तेव्हा निजामाच्या राज्यात. गावाकडं अजून हा शब्द शिवीसारखा वापरतात. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हा खरा इतिहास आहे. पण गंमत अशी की सरकारी प्रचार खऱ्या गोष्टीवरच जास्त पक्का उभा राहतो.

आधी निजाम सरकारचं बघा. जबाबदार राज्यपद्धती मागणारा तो राज्याचा वैरी, असा त्यांचा हिशोब. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या होस्टेलात 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या पोरांना काढून टाकलं. (होस्टेलवाल्यांनो, हे आपल्यासारखेच!) पुढे लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला आणि भारतात गेलो तर आपण संपलो, ही भीती भाषणा-भाषणातून पेरली गेली. ती न मानणारा मुसलमानसुद्धा मग वैरीच. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

आता आपल्या बाजूचं बोलू, जे आपण सहसा बोलत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला रणगाडे घेऊन लष्कर आत आलं, पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि नाव काय दिलं? पोलीस अ‍ॅक्शन! हा घरातला मामला आहे असं जगाला दिसावं म्हणून. रझाकारांचं राज्य संपलं, पण शब्द संपला नाही. तो रबरासारखा ताणला गेला. संघटनेत कधी पाय न ठेवलेला शेजारीही त्यात बसू लागला.

नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षअखेर १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. अगदी कमीत कमी धरून २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५ हजार. म्हणजे आपलाही जिल्हा त्यात आहे! हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला. २०१३ च्या सुमारास लोकांना बघायला मिळाला. एका सरकारने खोटी भीती पेरली, दुसऱ्याने खरी माहिती झाकली. पोरांना मात्र अर्धीच गोष्ट पाठ.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जीव धोक्यात घालून, काहींनी तर जीव देऊन, मुसलमान विणकरांना वाचवलं. एकाच धंद्यातली माणसं, रोज एकमेकांना बघणारी. त्यांच्यापुढं सरकारी चित्र चाललं नाही.

तेव्हा कल्चरल कमिटीला विनंती, यंदाच्या भाषणात दोन मिनिटं शोएबुल्ला खान आणि त्या विणकरांनाही द्या. मेसचे पोहे थोडे गार होतील, होऊ देत.