डास चावला म्हणून कावीळ होते का?



मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सुनेला सातवा महिना सुरू आहे. नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' सापडला. तिला त्रास काहीच नाही, पण घर घाबरले आहे. तिचे ताट वेगळे केले, पेला वेगळा केला, दस्तरखानावर सगळ्यांसोबत बसणे बंद झाले. रात्री तिला मच्छरदाणीत झोपवतात, कारण तिला चावलेला डास पुढे घरातल्या लेकरांना चावला तर त्यांनाही कावीळ होईल अशी भीती आहे. कृष्णाकाठच्या वस्तीत डासांना तोटा नाही. तेव्हा डास कावीळ पसरवतो का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगतो : नाही. हिपॅटायटिसचा कोणताही विषाणू डासाच्या चावण्यातून माणसाला झाल्याचे आजवर दिसलेले नाही. मात्र ही शंका अडाणीपणाची नाही. ती मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आली होती आणि त्यांनी ती प्रयोगशाळेत तपासून पाहिली.

शंका येण्याला कारणे आहेत. पहिले असे की डासांमुळे होणाऱ्या काही आजारांत डोळे खरोखर पिवळे होतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला 'पीतज्वर' एडिस डासामुळे होतो. आपल्याकडे तो नाही, पण मलेरिया आहे, आणि जोराच्या मलेरियातही कावीळ दिसते. दुसरे कारण विषाणूंच्या खानदानाचे. हिपॅटायटिस सी हा डेंग्यूच्या विषाणूचा दूरचा नातेवाईक आहे. डेंग्यू डासातून येतो, मग त्याचा भाऊबंद का येणार नाही? तिसरे कारण असे की १९७० च्या दशकात आफ्रिकेत पकडलेल्या डासांच्या अंगात हिपॅटायटिस बी च्या विषाणूचा अंश सापडला होता. त्यामुळे त्या काळी जगभर चर्चा झाली.

या प्रश्नाचा छडा लावण्याचे एक महत्त्वाचे साधन आपल्या शेजारी, पुण्यात तयार झाले. साताऱ्याहून दोन-तीन तासांच्या अंतरावर असलेली तिथली विषाणू संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली. आज ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच 'एनआयव्ही' म्हणून ओळखली जाते. १९६७ मध्ये तिथले डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस जातीच्या डासांच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या घेतल्या, त्यांच्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्या काचेच्या बाटलीत पोषक द्रवात वाढवल्या. पेशी मेल्या नाहीत, वाढत राहिल्या. म्हणजे डास न पाळता डासाच्या पेशी हव्या तितक्या मिळू लागल्या. डेंग्यूचा विषाणू या पेशींत उत्तम वाढतो. पुढे जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी यातल्याच पेशींपासून निवडलेला वाण आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

अशा पेशींमुळे प्रश्न नेमका विचारता येतो. बाटलीतल्या डासाच्या पेशींवर विषाणू सोडायचा आणि पाहायचे : तो पेशीला चिकटतो का, आत शिरतो का, आत गेल्यावर त्याची पिलावळ वाढते का, आणि ती बाहेर पडते का? ही चार दारे आहेत. चारही उघडली तरच पुढची गोष्ट.

हिपॅटायटिस बी पहिल्याच दारांपाशी अडतो. माणसाच्या यकृताच्या पेशीवर एक खास प्रथिन असते आणि विषाणू त्याला धरून आत शिरतो. ते प्रथिन कोणते, हे २०१२ मध्ये समजले. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असते, तसेच हे आहे. हिपॅटायटिस सी बाबत मात्र २००१ मध्ये थोडी खळबळ झाली. फ्रान्समधील संशोधकांना हा विषाणू डासाच्या पेशींना चिकटलेला आणि अल्प प्रमाणात वाढलेला दिसला. त्याच वर्षी तैवानमध्ये क्युलेक्स डासांना या विषाणूचे रक्त पाजले, तेव्हा तो काही काळ डासाच्या अंगात सापडला.

मग डास दोषी ठरला का? इथेच डास चावतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याला वाटते, डास म्हणजे उडती सुई : एकाचे रक्त घेतो आणि दुसऱ्यात सोडतो. तसे नसते. डास रक्त एका नळीने ओढतो आणि आपली लाळ दुसऱ्या नळीने सोडतो. आधी प्यायलेले रक्त तो पुढच्या माणसात सोडत नाही, ते त्याच्या पोटात पचते. डेंग्यूचा विषाणू पसरतो, कारण तो डासाच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, तिथून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोहोचतो आणि मग लाळेतून बाहेर येतो. या प्रवासाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. हिपॅटायटिसच्या विषाणूला हा प्रवास जमत असल्याचा पुरावा नाही. बाटलीतल्या पेशीत थोडी हालचाल दिसणे वेगळे आणि जिवंत डासाने माणसाला आजार देणे वेगळे. आफ्रिकेतल्या डासांत सापडलेला अंशही त्यांनी प्यायलेल्या रक्तातून आलेला असू शकतो.

आणखी एक साधा पुरावा आपल्या गावातच दिसतो. डास लहानथोर पाहत नाही. तो कावीळ पसरवत असता, तर ज्या गल्लीत डेंग्यूची साथ येते तिथे हिपॅटायटिस बी आणि सी ची साथही दरवर्षी आली असती. तसे होत नाही. हे आजार सुई, रक्त, प्रसूती आणि शरीरसंबंध यांच्या वाटेने जातात.

या वाटा किती भयंकर ठरू शकतात, हे गुजरातमधल्या मोडासा गावाने २००९ मध्ये पाहिले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बी ची साथ येऊन अनेकांचे जीव गेले. आपल्या भागातली दुसरी वाट पाण्याची आहे. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मैलामिश्रित पाण्यातून येतात. २०१२ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या शेजारी इचलकरंजीत कावीळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यामुळे. २०१९ च्या पुरासारखा पूर येतो किंवा नळाची पाइप गटाराशेजारी फुटते, तेव्हा हाच धोका असतो. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाला, तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. म्हणून घरात गरोदर बाई असेल तर पाणी उकळूनच प्यायला द्या.

आता मिरजेच्या बहिणीच्या सुनेविषयी. तिचे ताट वेगळे करण्याची काही गरज नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, तिच्या हातची भाकरी खाल्ल्याने किंवा एका खोलीत झोपल्याने हिपॅटायटिस बी होत नाही. मच्छरदाणी ठेवा, पण डेंग्यूपासून तिला आणि बाळाला वाचवण्यासाठी, आणि घरातल्या सगळ्यांसाठीच. खरी काळजी बाळंतपणाची आहे. जन्मावेळी विषाणू बाळाला गेला, तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा घर करतो आणि पुढे यकृताचा आजार होऊ शकतो. हे टाळता येते. बाळंतपण दवाखान्यातच करा आणि तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली पाहिजे. सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यायचे का आणि आईला गरोदरपणात गोळ्या हव्यात का, हे डॉक्टर तपासण्या पाहून ठरवतील. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस चुकवू नका. आई बाळाला दूध पाजू शकते. घरातल्या इतरांनी, विशेषतः तिच्या नवऱ्याने, रक्त तपासून घ्यावे आणि निरोगी असल्यास लस घ्यावी.

सासूबाईंना आणखी एक विनंती. हा आजार कसा आला, हे बहुतेकांना कधीच कळत नाही. तो लहानपणीही आलेला असू शकतो. म्हणून सुनेच्या चारित्र्यावर किंवा माहेरावर बोट ठेवू नका.

रक्ताच्या ज्या वाटा आपल्या घरांत उघड्या आहेत, त्या मात्र बंद करा. न्हाव्याला प्रत्येक वेळी नवे ब्लेड लावायला सांगा. उमराह किंवा हजला डोके मुंडताना तर हे विसरूच नका. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. मुलांची सुंता डॉक्टरांकडून, निर्जंतुक साधनांनी करून घ्या. हिजामा करणाऱ्याकडे ब्लेड आणि कप नवे आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. मुलींचे कान टोचताना सुई नवी असू द्या. दाढीचे सामान आणि टूथब्रश प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

ज्यांना कधी रक्त चढवले, डायलिसिस झाले किंवा घरात कुणाला हा आजार आहे, त्यांनी एकदा तपासणी करावी. २८ जुलै २०१८ पासून देशात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी व औषधे मोफत मिळतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे विचारा. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आणि ताप येऊन डोळे पिवळे झाले, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तो मलेरिया आहे की हिपॅटायटिस, हे तिथेच कळेल.